मयत बॉक्सरने सांगितले ते आणि मी लिहिले ते

अर्जदार: मी स्वतः. वय त्रेपन्न, शिक्षण नववी पास, व्यवसाय अर्जनवीस, बसण्याचे ठिकाण पूर्णा तहसील कार्यालयासमोरील लिंबाचे झाड, पहिले टेबल.

गैरअर्जदार: मी स्वतः. पत्ता वरीलप्रमाणे.

मयत: रेल्वेतील निवृत्त कर्मचारी, सर्वांत वरच्या वजनी गटाचे मुष्टियोद्धे, ज्यांना अख्खा परभणी जिल्हा ‘बॉक्सर’ एवढ्याच नावाने ओळखतो.

ज्यांचे नुकसान झाले ते: रुळांवर हातोडा चालवून निवृत्त झालेले गँगमन, राहणार पोखर्णीच्या रस्त्यावरील एक खेडे, निरक्षर.

साक्षीदार: एक, मयताची मुलगी. दोन, माझ्या टेबलाशेजारचा चहावाला. तीन, गँगमनची नात, इयत्ता दहावी.

घटनेचे दिवस: एक मंगळवार, त्यानंतरचा सोमवार, मयताच्या दहाव्याचा बुधवार आणि त्याच आठवड्यातला शुक्रवार.

नावे मी लिहीत नाही. तीस वर्षे मी लोकांची नावे लिहीत आलो आहे आणि नाव दिसले की वाचणारा आधी आडनावात घुसतो, मजकुरापर्यंत उशिरा येतो, हे मला ठाऊक आहे. इथे मजकूर महत्त्वाचा आहे. तो थोडक्यात असा की, मयताने मरणाआधी सहा दिवस मला एक गोष्ट लिहून घ्यायला सांगितली. मी ती लिहिली नाही. दुसरेच लिहिले आणि त्यावर त्यांचा अंगठा घेतला. आता ते नाहीत, आणि खरे काय ते माहीत असलेली दोनच माणसे उरली आहेत. त्यांपैकी एकावर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरा मी आहे.

आता सविस्तर.

मी सात-आठ वर्षांचा असताना बॉक्सरांना प्रथम पाहिले. ते कुठलीशी मोठी स्पर्धा जिंकून आले होते. पूर्णा जंक्शनवर गाडी थांबली तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. वडिलांनी मला खांद्यावर घेतले. डब्याच्या दारात एक माणूस उभा राहिला आणि दारात दुसऱ्याला जागाच उरली नाही, एवढे मला आठवते. कोणी हार घालायला गेले तर हात पोहोचेना. ते स्वतःच खाली वाकले. पुढे जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी येईपर्यंत मी मान हलवली नव्हती.

आमच्या भागात कुस्ती समजते, बॉक्सिंग समजत नाही. ठोसा किती गुणांचा, फेरी किती मिनिटांची, कोणाला माहीत नव्हते. पण आमचा एक माणूस मोठमोठ्या शहरांत जाऊन तिथल्या माणसांना आडवे करून येतो, एवढे पुरेसे होते. चारठाण्याकडची माणसे सांगत, त्यांनी बुक्कीने शिसवी दार फोडले. कोणी सांगे, इंजिनाचे अडकलेले झाकण त्यांनी एका ठोशात बसवले. मी एकदा त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, झाकणाचे खरे आहे, पण ठोसा तीनदा मारावा लागला आणि आठ दिवस हाताला हळद होती.

ते निवृत्त झाले तेव्हा रेल्वे कॉलनीच्या मैदानावर सत्कार झाला. मानपत्र लिहिण्याचा मान साहजिकच माझ्याकडे आला. पूर्ण्यात लग्नाच्या पत्रिकेपासून शोकसभेच्या ठरावापर्यंत सर्व लेखन माझ्या टेबलावरून जाते. त्या मानपत्रासाठी मी पाच रात्री बसलो. त्यातले एक वाक्य पुढे जिल्हाभर गाजले: ‘ज्यांची पाठ आयुष्यात कधीही जमिनीला लागली नाही.’ मी ते व्यासपीठावरून वाचले तेव्हा टाळ्या थांबेनात. आजवर लिहिलेल्या हजारो कागदांत ते एकच वाक्य असे आहे की, जे मी लिहिले म्हणून लोक मला ओळखतात.

टाळ्या थांबल्या तेव्हा मागच्या बाजूने एक माणूस उठून उभा राहिला. उंच, हाडापेराने रुंद, उजव्या हाताची दोन बोटे अर्धी. हेच ते गँगमन. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “ही वळ खरी न्हाई. त्यांला मी पाडलंय.”

मंडपात हशा पिकला. माईक माझ्या हातात होता आणि वाक्य माझे होते. मी म्हणालो, “आपण पाडलं असेल तर पुरावा सादर करावा. साक्षीदार असेल तर हजर करावा.” हशा दुप्पट झाला. गँगमन व्यासपीठाकडे बघत राहिले. माझ्याकडे नाही, बॉक्सरांकडे. बॉक्सर गळ्यातल्या हारांमधून आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटले, मोठा माणूस आहे, लहान माणसाच्या बडबडीला उत्तर देत नाही.

त्या दिवसापासून गँगमनांना नाव पडले. ते बाजाराला आले की कोणीतरी म्हणायचेच, “सरका रं, बाक्सरला पाडणारे आले.” बसमध्ये कंडक्टर म्हणे, बाक्सरला पाडणाऱ्याला जागा द्या. चहावाला त्यांच्यापुढे कप ठेवताना हात थरथरल्याचे सोंग करी. ते चहा पिऊन जात. पुढे पुढे ते पूर्ण्याला येईनासेच झाले. हे नाव कोणी पाडले असे कोणी विचारले तर मी हसून हात वर करत असे. अभिमानाने.

आता तो मंगळवार.

बॉक्सर दुपारी एकटेच आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि काही वर्षांपासून हातांना कंप सुटला होता. लिंबाच्या पाराच्या शेवटच्या पायरीवर काठी चाचपत ते थांबले आणि चहावाल्याने धरून त्यांना माझ्यासमोर बसवले. बाकडे वाजले. शरीर खंगले होते तरी बाकडे वाजले.

“मुन्शी,” ते म्हणाले, “एक कागद लिवायचाय. पक्का.”

माझ्या कामाची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळे तिच्यावर आहे. माणूस जे सांगतो ते मी आधी वहीत त्याच्याच शब्दांत उतरवतो. त्याला कच्चे म्हणतात. मग त्याचे कार्यालयीन भाषेत पक्के करतो. पक्के झाले की ते माणसाला वाचून दाखवायचे, आणि शेवटी एक ओळ घालायची: ‘वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ त्याखाली सही किंवा डाव्या हाताचा अंगठा. ज्याला वाचता येत नाही त्याचे सगळे आयुष्य या एका ओळीवर टांगलेले असते. शेत, घर, वारसा, फारकत. तीस वर्षांत मी ती ओळ किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही आणि ती खोटी ठरली असे एकदाही झाले नव्हते. माझी ऐट त्या ओळीची होती.

मी वही उघडली आणि त्यांनी सांगितले. मी ऐकत गेलो आणि लिहीत गेलो.

ते असे. दोघेही तेव्हा चोविशी-पंचविशीचे. बॉक्सर रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, आणि गँगमन रुळावर. रेल्वे कॉलनीतल्या पत्र्याच्या हॉलात एक उस्ताद दोघांचा सराव घेत. निवड करणारे साहेब सकाळच्या गाडीने यायचे होते आणि पूर्ण्यातून एकच जण जाणार होता. बॉक्सर जुने, म्हणून त्यांचे नाव ठरल्यासारखेच होते. पण उस्तादांचा नियम होता की, आदल्या संध्याकाळच्या सरावात जो खाली पडेल तो साहेबांसमोर उभा राहणार नाही. त्या संध्याकाळी उस्ताद गाडीची वेळ विचारायला स्टेशनात गेले, आणि ते बाहेर असताना गँगमनांचा उजवा ठोसा बॉक्सरांच्या कानाखाली बसला. पुढचे बॉक्सरांना आठवत नाही. पडलेल्यावर दहा आकडे मोजायचे असतात हे गँगमनांना ठाऊक होते. त्यांनी वीस मोजले, मग घाबरून तोंडावर पाणी मारले.

शुद्धीवर आल्यावर बॉक्सरांनी त्यांचे हात धरले. उस्तादांना सांगू नकोस, यंदा मला जाऊ दे, पुढच्या वर्षी मी मागे राहतो आणि तू जा. गँगमन हो म्हणाले. उस्ताद परत आले तेव्हा दोघे बसून हातांच्या पट्ट्या सोडत होते.

पुढच्या वर्षी बॉक्सर मागे राहिले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी रुळाचा तुकडा उचलताना गँगमनांची बोटे गेली.

“हे लिवा,” ते म्हणाले. “मी पडलो व्हतो. त्यानं पाडलं व्हतं. त्याची जागा मी घेतली. भर मांडवात तो खरं बोलला आन मी बुटाकडं बघत बसलो, ते बी लिवा.”

मी पेन खाली ठेवले. काका, म्हणालो, एवढ्या वर्षांनी हे कशाला? आता कोणाला काय मिळणार? जिल्ह्याचे एक नाव आहे ते पुसून जाईल. पोरे तुमच्या फोटोला नमस्कार करून भरतीला जातात. मग मी खरे ते बोललो. म्हणालो, “मानपत्रात पाठ लागली नाही असं आहे.”

ते हसले. “बरोबर हाय. पाठ न्हाई लागली. थोबाड लागलं.” मग हसू गेले. “मुन्शी, तुमी लिवलेली ती वळ माझ्या घरात काचंत हाय. मला आता दिसत न्हाई. पण ती तिथं हाय हे मला दिसतं. लिवा.”

मी पक्के करायला घेतले. मुद्रांक कागदावर माझे अक्षर चांगले उतरते. मी लिहिले: ‘सदर इसम हे माझे सरावातील साथीदार असून, त्यांच्या बहुमोल सहकार्यामुळे मला खेळात प्रावीण्य संपादन करता आले, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.’

लिहिताना माझ्या मनात लबाडी आहे असे मला वाटले नाही. मी एका थोर माणसाला त्याच्याच म्हातारपणापासून वाचवतो आहे, असे वाटले. गँगमनांनाही ‘बहुमोल’ मिळाले, त्यांनाही बरे वाटेल. मग बॉक्सर म्हणाले, वाचा. मी पक्का कागद डाव्या हातात धरला, कच्ची वही मांडीवर उघडी ठेवली आणि वहीतले वाचले. त्यांचे शब्द त्यांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, आणि बुटांचे वाक्य आले तेव्हा मान हलवली.

“बरोबर हाय,” ते म्हणाले.

मी शेवटची ओळ लिहिली. वाचून दाखविला, बरोबर आहे. त्यांचा डावा हात माझ्या हातात घेतला. त्या हाताने काय काय केले होते. आता तो चालू पिठाच्या गिरणीवर ठेवल्यासारखा थरथरत होता. शाईच्या गादीवर अंगठा टेकवला, कागदावर दाबला, आणि ठसा हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवले. ठसा स्वच्छ आला. पाकिटावर मी गँगमनांचे नाव लिहून दिले. टपालाने पाठवू का विचारले, तर म्हणाले, मी स्वतः नेऊन देणार. मोठेपणा त्यांचा होता आणि कागद माझा.

त्यानंतरचे सहा दिवस मी रोज सकाळी त्यांच्या घरावरून गेलो. दोनदा ते ओट्यावर बसलेले दिसले. एकदा त्यांनी पावलांवरून ओळखून हाक मारली आणि सांगितले, ताप आहे, उतरला की जातो. मी कागद परत मागू शकत होतो. एक शिक्का राहिला म्हणालो असतो तरी त्यांनी दिला असता. मी म्हणालो, काळजी घ्या काका.

सोमवारी अकराच्या सुमारास मी एका बाईचा वारसाचा अर्ज लिहीत होतो. चहावाला स्टेशनातून आला. त्याच्या हातात रिकामी किटली होती आणि ती त्याने खाली ठेवली नाही.

“मुन्शी, बाक्सर वारले,” तो म्हणाला. “फलाटावर. बाकड्यावर बसल्या बसल्या. पॅसेंजर आली, लोक उठले, ते उठले न्हाईत.”

बाईचा अर्ज माझ्यासमोर अर्धा होता. तिने आपल्या मेलेल्या नवऱ्याचे नाव पुन्हा सांगितले आणि ते लिहिताना मला एक अक्षर सुचेना. मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो. रडू आले नाही. डोक्यावर ठेवलेला हात आठवला नाही, गाडीच्या दारातला माणूस आठवला नाही. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: पाकीट कुठे आहे? ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. माणूस जाऊन अर्धा तास झाला नव्हता आणि मी पाकिटाचा विचार करत होतो.

त्यांच्या घरी गेलो. गर्दी एवढी की रेल्वे कॉलनीचा रस्ता बंद. मुलगी, जी लग्नानंतर काही वर्षांनी माहेरीच परत आली होती आणि त्यांना सांभाळत होती, मला बघून म्हणाली, “दादा, सकाळी दाढी केली, नवा सदरा घातला. म्हणले, परभणीला उतरून पोखर्णीच्या रस्त्याला जातो, एका माणसाला भेटायचंय. मी सोबत येते म्हणलं तर म्हणले, न्हाई, हे एकट्यानंच करायचं असतंय.” खिशात पाकीट निघाल्याचे तिने सांगितले. पाकिटावरचे नाव तिने वाचले होते. मी म्हणालो, ते माझ्याकडे द्या, मी पोचवतो. ती म्हणाली, त्यांनी स्वतः द्यायचे म्हटले होते, आता मी देणार.

संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. हाराच्या चौकटीत बॉक्सरांचा तरुणपणीचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत माझे वाक्य. ज्यांची पाठ कधीही जमिनीला लागली नाही. कोणी मला विचारलेही नव्हते. वाक्य आता गावाचे होते. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या ध्यानात आले की, मंगळवारी मी बॉक्सरांना वाचवले नव्हते, जिल्ह्यालाही नाही. मी हे वाक्य वाचवले होते.

दहाव्याला नदीवर गँगमन आले. कोणी थट्टा केली नाही, मयताचा मान म्हणून. विधी आटोपल्यावर मुलीने त्यांच्या हातात पाकीट दिले. निरक्षर माणूस कागद घेऊन कुठे जाणार? पूर्ण्यात वाचून घ्यायचे म्हणजे माझे टेबल. ते पाकीट न फोडता सरळ माझ्याकडे आले.

ज्या बाकड्यावर बॉक्सर बसले होते त्याच बाकड्यावर ते बसले. मागे चार-पाच पक्षकार, बाजूला चहावाला. त्यांनी पाकीट पुढे सरकवले. “हळू वाचा,” म्हणाले. “मला समदं ऐकायचंय.”

मी पाकीट फोडले. माझेच अक्षर, खाली तो स्वच्छ अंगठा. ‘बहुमोल सहकार्य’ हे शब्द ओठांपर्यंत आले आणि पुढे सरकेनात. त्या माणसाने पन्नास वर्षे वाट पाहिली होती. मी कागदावर डोळे ठेवले आणि वहीतले म्हणू लागलो. मी पडलो होतो. त्याने पाडले होते. त्याची जागा मी घेतली. भर मांडवात तो खरे बोलला आणि मी बुटांकडे बघत बसलो.

गँगमनांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग चहावाला उठला. त्याने कप विसळला, चहा गाळला आणि सगळ्यांच्या आधी त्यांच्यापुढे ठेवला. हात थरथरवला नाही. “घ्या दादा,” म्हणाला.

गँगमन म्हणाले, पुन्हा एकदा वाचा. मी पुन्हा वाचले. दुसऱ्या वेळी मी शब्द तोलून म्हणत होतो, कारण एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी कळेल असे वाटत होते. त्यांनी कागद मागितला. मी म्हणालो, राहू द्या, मी प्लास्टिकमध्ये घालून देतो, टिकेल. ते म्हणाले, “न्हाई. नात दहावीला हाय. रोज एकदा वाचायला लावतो तिला.”

मला त्या क्षणी सांगता आले असते. पुन्हा एकदा सांगतो, आले असते.

शुक्रवारी ते नातीला घेऊन आले. ती शाळेच्या गणवेशात होती, दप्तर पाठीवर. लोक होतेच. चहावाल्याने त्यांना बघून न विचारता चहा टाकला. गँगमनांनी कागद टेबलावर पसरला आणि नातीला म्हणाले, वाच. तिने वाचले. स्वच्छ, न अडखळता, शाळेत वाचतात तसे. ‘सदर इसम हे माझे सरावातील साथीदार असून.’ बहुमोल सहकार्य. आजन्म ऋणी. वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

तिने कागद पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, “पाडलं असं कुठंच न्हाई, आजोबा. मी परवापासून सांगायले.”

गँगमन मला म्हणाले, “मुन्शी, तुमी वाचलं ते कुठं हाय?”

कच्ची वही माझ्या हाताखालच्या खणात होती. खण उघडायला किल्लीसुद्धा लागत नाही. मी म्हणालो, कार्यालयीन भाषा वेगळी असते. बोलण्यातले शब्द बदलतात, अर्थ तोच राहतो.

“मी आडाणी हाय,” ते म्हणाले. “पण अर्थ कळतो. मला एवढंच सांगा. त्यानं सांगितलं व्हतं, का तुमाला दया आली आन तुमी मनचं म्हणलं?”

मागे कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, म्हणजे पाडलं न्हाईच. दुसरा हसला. मी तोंड उघडले असते तर तीस वर्षांची माझी ती ओळ तिथेच खोटी पडत होती. सगळ्या पक्षकारांसमोर, ज्यांचे अर्ज टेबलावर पडले होते त्यांच्यासमोर. मी खाली बघितले. माझ्या पायांत कोल्हापुरी चपला होत्या, उजवीचा अंगठा सुटत आलेला. किती वेळ मी त्या चपलेकडे बघत होतो ते मला सांगता येणार नाही. वर बघितले तेव्हा बाकडे रिकामे होते. कागद टेबलावर होता. चहा तसाच होता.

चहावाल्याने कप उचलला आणि फेकायच्या आधी माझ्याकडे बघितले. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरते बोलतो. बाजारात ते जुने नाव पुन्हा सुरू झाले आहे, असे मी ऐकतो. आता त्याला नवे शेपूट जोडले आहे: बाक्सरला पाडणारे, कागदावर नसलेले.

म्हणून हे लेखन. हे कार्यालयीन नाही; ज्यांना वाचायचे त्यांनी वाचावे म्हणून छापायला दिले आहे. सोबत माझ्या वहीतले ते एक पान जसेच्या तसे जोडतो. त्यावर मयताचा अंगठा नाही, त्यामुळे कायद्याने त्याची किंमत नाही, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. परंतु त्यातला प्रत्येक शब्द मयताच्या तोंडचा आहे. अंगठा आहे तो माझ्या शब्दांवर.

यास्तव मागणे पुढीलप्रमाणे.

चौकातला फ्लेक्स आणि मयताच्या घरी काचेत लावलेले मानपत्र, या दोन्ही ठिकाणची ती ओळ काढून टाकण्यात यावी. मुलीला मी हे समक्ष सांगितले आहे. ती माझ्याशी बोलली नाही, पण तिने काच भिंतीवरून उतरवून ठेवली आहे.

ज्या ज्या पक्षकारांनी माझ्याकडून कागद करून घेतले आहेत त्यांनी ते आपल्या शिकलेल्या मुलीबाळींकडून एकदा वाचून घ्यावेत. दुसरी चूक निघणार नाही असे मला वाटते. परंतु माझ्या वाटण्यावर आता कोणी विसंबू नये.

आणि गँगमन दादांना विनंती की, त्यांनी माझ्या टेबलापर्यंत येण्याचे कष्ट घेऊ नयेत. मला एक दिवस द्यावा. मी त्यांच्या गावी येईन, चहावाल्याला सोबत आणीन, त्यांच्या अंगणात बसेन आणि वहीचे पान वाचेन. नातीने शेजारी बसून प्रत्येक ओळीवर बोट ठेवावे. बोट जिथे असेल तेच मी वाचेन. त्यानंतर, त्याने सांगितले होते का, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी उभा राहून देईन. ते उत्तर मान्य आहे की नाही, हे त्यांनी कळवावे. न कळवल्यास मी तेही योग्यच समजेन आणि पुन्हा विचारायला येईन.

मला सही करता येते. माझी सही जिल्ह्यातल्या बऱ्याच कार्यालयांत ओळखतात. तरीही हा मजकूर मी स्वतःला मोठ्याने वाचून दाखवला आणि खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.